जमलेली सशांची जोडी ट्रे सोडून बाहेर घाण करायला लागली, तर

"ताई, दोन वर्षं अगदी शहाण्यासारखे ट्रेमध्ये जायचे. आता काय झालं? विसरले का?" साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी श्रावणात हा प्रश्न विचारला. हाच प्रश्न मी गोडोलीत ऐकलाय, करंज्यात ऐकलाय, आणि आमच्या स्वतःच्या घरातही तीनदा माझ्यापुढे उभा राहिलाय. ससे विसरत नाहीत. ट्रेमध्ये जाणं त्यांना कुणी पढवलेलं नसतं, एकाच कोपऱ्यात लघवी करायची ही त्यांची जातीचीच सवय. ती मोडली म्हणजे ट्रेचं, जागेचं, जोडीचं किंवा शरीराचं काहीतरी बिघडलंय. ते शोधायचं. रागावून, नाक घासून, मानगूट धरून काही होत नाही. ससा फक्त तुम्हाला घाबरायला लागतो आणि मग सोफ्याखाली जाऊन करतो.

आधी नक्की काय दिसतंय ते बघा

दोन दिवस काही बदलू नका. सकाळी उठल्याउठल्या, झाडू मारायच्या आधी, बॅटरी घेऊन खाली बसा आणि कुठे काय पडलंय ते बघा. लघवी आणि लेंड्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

घरभर एकेक सुटी, कोरडी, गोल लेंडी पडलेली असेल आणि लघवी मात्र ट्रेमध्येच असेल, तर सवय मोडलेली नाही. ससे आपली हद्द अशी आखतात. पाहुणे येऊन गेले, फर्निचर हललं, घरात मांजर शिरलं की हे वाढतं आणि आपोआप कमी होतं. ट्रेभोवती पाचपंचवीस लेंड्या तर कायमच असणार, त्या झाडून घ्यायच्या.

लघवी ट्रेच्या अगदी कडेला, बाहेर होत असेल तर ससा ट्रेपर्यंत जातोय, पण ट्रेमध्ये काहीतरी अडतंय. खोलीतल्या एखाद्या नव्याच कोपऱ्यात लघवी आणि लेंड्यांचा ढीग दोन्ही असतील तर त्याने जागा बदललीय. गादी, गोधडी, सोफा ओला होत असेल तर त्याचं वेगळं आहे, ते खाली लिहिते. भिंतीवर वीतभर उंच शिंतोडे असतील तर तो वयात आलेल्या सशाचा फवारा. हे बहुतेकदा नर करतो, पण मादीही करते.

आणि थोडी थोडी लघवी दहा ठिकाणी, बूड ओलं, मागच्या पायांची लव पिवळी आणि चिकटलेली असं असेल, तर ट्रेच्या मागे लागू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

अजून एक गोष्ट लोक जुलाब समजतात. काळपट, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या मऊ लेंड्या. ससा त्या बुडाशी तोंड नेऊन थेट खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. जमिनीवर पडलेल्या दिसल्या तर पेलेट (दुकानातलं गोळ्यांचं खाद्य) किंवा गोड फळ जास्त होतंय, नाहीतर ससा इतका जाड झालाय की तोंड तिथवर पोचत नाही.

पहिली तपासणी: ट्रेची सफाई

यात खर्च शून्य आणि दहात तीन-चार वेळा मामला इथेच मिटतो, निदान माझ्या हाताखाली तरी. दोन ससे म्हणजे दुप्पट लघवी. एकटा ससा असताना दोन दिवसांनी बदललेलं चालत होतं म्हणून जोडीलाही तेवढ्यावर ठेवलं, तर तिसऱ्या आठवड्यात ते बाहेर जायला लागतात. जोडी असेल तर ओला भाग रोज काढायचा.

पण उलटी चूकही तितकीच होते. घरात दिवाळीची साफसफाई निघाली आणि कुणीतरी ट्रे साबणाने घासून, उन्हात वाळवून, कोराकरकरीत करून ठेवला. सशाच्या नाकाला ती जागा आता परकी. म्हणून धुतल्यावर आधीची मूठभर लेंडी आणि एखादा लघवीचा कागद तळाशी परत ठेवायचा.

सशाच्या शरीराची एक खोड इथे कळायला हवी. खाण्यातलं कॅल्शियम तो जवळजवळ सगळं शोषून घेतो आणि नको असलेलं लघवीतून टाकतो. म्हणून त्याची लघवी गढूळ असते, आणि वाळली की ट्रेच्या कोपऱ्यात पांढरा, चुन्यासारखा थर बसतो. तो साबणाने निघत नाही. बांबूच्या कामटीने खरवडून बघा, पापुद्रा निघतो आणि त्याखालून नाकाला झोंबणारा वास येतो. पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवलं की थर फसफसतो, मऊ पडतो, मग ब्रशने निघतो. वासाला कंटाळून बाहेर पडलेली एक जोडी एवढ्यावर परत आलेली मी पाहिलीय.

बाहेरच्या डागांचंही बघायला हवं, कारण वास राहिला की ससा तिथेच परत जातो. सिरॅमिक टाइल असेल तर व्हिनेगरने पुसा. पण जुन्या घरांत शहाबादी असते, तिथे जपून. शहाबादी हा चुनखडीचाच दगड. व्हिनेगरने लघवीच्या थरासारखा तोही फसफसतो आणि फरशीवर कायमचा खरखरीत पांढरट डाग राहतो. शिवाय ती पाणी पिते, म्हणजे लघवी आत मुरते. तिथे मी गरम पाणी आणि साधा साबण दोन-तीनदा फिरवते, कोरडं पुसते, पंखा लावून सुकवते आणि वर महिनाभर रेक्झिनचा तुकडा टाकून ठेवते. कडा सामानाखाली दाबायच्या, नाहीतर ससे त्या कुरतडतात.

फिनेल वापरू नका. ते सशांच्या पायाला लागतं, ते पाय चाटतात, आणि ते त्यांना बाधतं. लघवीवर ब्लीचिंगचं पाणीही टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की विषारी वायू निघतो, तुम्हालाही आणि त्यांनाही.

दुसरी: गवत कुठे आहे आणि कसं आहे

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच लोक सोडून देतात. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. तोंडात गवत आणि खाली ट्रे, अशी त्याची बैठक असते. गवत ट्रेच्या एका टोकाला किंवा ट्रेवरच टांगलेलं असेल तर अर्धी सवय तिथेच लागते. पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला असेल तर ट्रेमध्ये बसायला त्याच्याकडे कारणच उरत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या वहिनींकडे झालं ते असं. ट्रे तोच, जागा तीच, जोडी तीच. मी गवताच्या टोपलीत हात घातला तर वरचं बरं होतं, पण मधली पेंढी गार, दमट आणि कुबट. सातारचा पाऊस, त्यात यवतेश्वराकडून येणारं धुकं, आठवडाभर ऊन नाही. सशांनी ते गवत सोडलं होतं, त्यामुळे ट्रेमध्ये बसणं सोडलं होतं, आणि पेलेट ठेवलेल्या कोपऱ्यात सगळं उरकत होते. आम्ही टोपली रिकामी केली, कोरडं गवत भरलं, आणि चौथ्या दिवशी फरशी कोरडी. बुरशीचं गवत एरवीही पोटाला आणि फुप्फुसांना वाईट, तेव्हा वासावर जरा जरी शंका आली तरी फेकून द्या. पावसाळ्यात मी गवत गोणपाटात भरून माळ्यावर ठेवते आणि दोन दिवसांपुरतंच खाली काढते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की त्याला घाम सुटतो.

कुठलं गवत? आपल्याकडे वाळलेलं डोंगरी गवत वैरणवाल्याकडे मिळतं, ते चांगलं. परदेशी टिमोथी गवत महाग पडतं, पण चालतं. लसूणघास मोठ्या सशांना रोज नको, त्यात कॅल्शियम फार. ते वाढीच्या पिल्लांना ठीक. कोवळी हिरवी ज्वारी मुळीच नको. ती गुरांनाही विषासारखी बाधते हे इकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको, मग एवढ्याशा जिवाची काय कथा.

तिसरी: ट्रे पुरतो का

जमलेली जोडी ट्रेमध्येही एकत्र जाते. दोघं शेजारी बसून गवत खातात, एक दुसऱ्याच्या पाठीवर मान टाकतो. मांजराच्या ट्रेमध्ये एकच ससा मावतो, मग दुसरा बूड कडेबाहेर काढून बसतो आणि लघवी बाहेर जाते. ही "कडेलाच होते" वाली तक्रार. दोघांना आडवं पसरता येईल असा कपडे भिजवायचा चौकोनी टब घ्या. पिंजऱ्यात एक आणि खोलीत त्यांनी स्वतः निवडलेल्या कोपऱ्यात दुसरा. घडी बसेपर्यंत तिसराही ठेवायला हरकत नाही.

वय झालेल्या सशाचं वेगळं बघावं लागतं. आमचा नर सात वर्षांचा झाला आणि ट्रेसमोर येऊन थांबायला लागला. पुढचे पाय कडेवर ठेवायचा, क्षणभर तसाच राहायचा, मग खाली उतरून शेजारी लघवी करायचा. मी आठवडाभर ते बघत होते आणि हट्ट समजत होते. त्याच्या मागच्या सांध्यांत दुखत होतं. टबची एक बाजू करवतीने कापून दोन इंचांवर आणली, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. त्याच संध्याकाळी तो आत गेला. अर्थात औषध डॉक्टरांचं चालू करावं लागलंच.

चौथी: तळाशी काय घातलंय

खाली वर्तमानपत्राचे चार-पाच पदर आणि वर जाडसर वाळलं गवत किंवा भाताचा पेंढा, एवढं पुरतं. पेंढा पाटण-जावळीकडून येतो, स्वस्त असतो, फक्त कोरडा बघून घ्या. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या मिळाल्या तर लघवी छान शोषतात. सॉमिलचा बारीक भुसा नको, धूळ नाकात जाते. उसाचं चिपाड दमट निघालं तर लगेच बुरशी धरतं, त्यामुळे मी वापरत नाही. पाणी लागलं की गोळा होणारी मांजराची माती तर कधीच नको. एका दुकानात मला ती "सशालाही चालते" म्हणून दिली होती. ससे ट्रेमधलं तोंडात घेतात, आणि ती माती पोटात गेली की तिथेही गोळाच होते.

तळाचा माल बदलायचा असेल तर आठवडाभर जुन्यात नवा मिसळत न्या. जाळीचा तळ मात्र लावू नका, तळव्यांना जखमा होतात. आणि तळवे दुखणारा ससा मऊ जागा शोधतो, म्हणजे तुमची गोधडी. गोधडी-गादीचं दुसरं कारण म्हणजे ती लघवी शोषते आणि तिला तुमचा वास असतो. तिथे शिकवणं वगैरे नंतर. आधी पलंगावर जाणं बंद करा आणि तळवे उलटून बघा. लव उडून लाल कातडं दिसतंय का?

पाचवी: जागा आणि उन्हाळा

ट्रे दारात, वॉशिंग मशीनशेजारी किंवा टीव्हीखाली असेल तर हलवा. बसलेल्या सशाला पाठीशी भिंत आणि समोर मोकळं लागतं. त्याने नवा कोपरा निवडला असेल तर भांडू नका, ट्रे तिथे न्या. महिन्याभराने रोज हातभर सरकवत हव्या त्या जागी आणता येतो.

एप्रिल-मेमध्ये साताऱ्यातही पारा चाळिशीकडे जातो, सांगलीकडे तर जातोच. तिशीच्या वर ससा तापायला लागतो, त्याला घाम येत नाही. पश्चिमेच्या खिडकीखालचा ट्रे दुपारी तापला की ते मोरीजवळच्या गार फरशीवर जाऊन पडतात आणि तिथेच करतात. पाणीही जास्त पितात, म्हणजे लघवीही जास्त. ट्रे गार बाजूला न्या, शेजारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.

सहावी: जागा आखडून नवी सुरुवात

वरचं सगळं करूनही आठवड्यात फरक नाही, तर दोघांना एकत्र साधारण चार फूट बाय चार फुटांत ठेवा. त्यात मोठा ट्रे, वर गवत, पाणी, लपायला खोका. बाहेर पडलेली लेंडी उचलून ट्रेमध्ये, लघवी कागदाने टिपून तो कागदही ट्रेमध्ये. आत बसलेले दिसले की कोथिंबिरीची एक काडी, हळू आवाजात दोन शब्द. फरशी सलग सहा-सात दिवस कोरडी राहिली की दोन फूट जागा वाढवा. पुन्हा घाण झाली की एक पायरी मागे. मला याला दोन ते चार आठवडे लागतात. घाईने पाचव्या दिवशी सगळं घर मोकळं केलेल्यांना पहिल्यापासून करावं लागलं.

"कोण करतंय ते कळावं" म्हणून दोघांना वेगळ्या खोल्यांत टाकू नका. जोडी तुटली की परत जमवायला महिने जातात. फारच गरज पडली तर मध्ये जाळी लावून, एकमेकांना दिसतील आणि नाकाला नाक लावता येईल असं एक रात्र ठेवा, दोन्हीकडे ट्रे द्या. सकाळी उत्तर मिळतं.

सातवी: जोडीत काही बिघडलंय का

एक दुसऱ्याला ट्रेमधून हुसकावतो, पाठलाग करतो, केसांचे झुपके पडलेत, एकमेकांचं डोकं चाटणं बंद झालंय, ही फुटीची चिन्हं. हुसकावला गेलेला ससा नाइलाजाने बाहेर करतो. त्याला दुसरा ट्रे, दुसरी गवताची टोपली आणि दोन्ही बाजूंनी उघडा खोका द्या, म्हणजे कोंडीत सापडणार नाही. हे बऱ्याचदा एकालाच दवाखान्यात नेऊन आणल्यावर होतं, कारण तो परक्या वासाने परत येतो. न्यायचं तर दोघांना एकाच टोपलीतून न्यायचं, आजारी एकच असला तरी. रक्त निघेपर्यंत भांडण झालं तर मात्र लगेच वेगळे करा, हात मध्ये न घालता, टॉवेल टाकून.

आठवी: नसबंदी

साडेतीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत ससे वयात येतात. ज्यांचं "चार महिने छान होतं आणि मग अचानक" असतं त्यांचं कारण बहुधा हेच. फवारे, हद्दीच्या लेंड्या, एकमेकांवर चढणं यावर ट्रे बदलून उपाय नाही. शस्त्रक्रियेनंतरही सवय एका रात्रीत जात नाही, हार्मोन उतरायला महिना-दोन महिने लागतात. आणि नर त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं देऊ शकतो, तेवढे दिवस नसबंदी न झालेल्या मादीपासून जाळीआड ठेवा. मादी मध्येच स्वतःचे केस उपटून गवत तोंडात घेऊन फिरत असेल तर ती गाभण आहे किंवा तिच्या शरीराला तसा भास झालाय.

मादीची नसबंदी केवळ घाणीसाठी नाही. वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका सशांमध्ये खूप वाढतो. मला हे उशिरा कळलं आणि आमची पहिली मादी, काशी, त्यातच गेली. म्हणून प्रत्येकाला सांगते.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

ससा लघवीला बसतो, जोर करतो, शेपटी उचलतो आणि थेंबच येतो, किंवा काहीच येत नाही: त्याच दिवशी. ससा बारा तास खात नाही किंवा लेंड्या बंद झाल्यात: वाट बघू नका, रात्र असली तरी फोन करा. लघवी टूथपेस्टसारखी दाट येते: मूत्राशयात गाळ किंवा खडा असू शकतो, एक्स-रे लागतो. मान एका बाजूला कलली किंवा मागचे पाय ओढतोय: लगेच.

नुसती लाल-नारिंगी लघवी बघून घाबरू नका, ती पाल्यातल्या रंगद्रव्यांनीही होते. दोन दिवसांनीही तशीच राहिली, किंवा गढूळ लघवीत लाल गुठळी-रेघ वेगळी दिसली, तर तपासून घ्या. नसबंदी न झालेल्या मादीत तर नक्कीच.

पावसाळ्यात बूड ओलं राहणं फार वाईट. माश्या त्या ओल्या लवेत अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या कातडीत शिरतात. सकाळ-संध्याकाळ उचलून बूड बघा. अळी दिसली तर घरी काही लावत बसू नका. कुत्र्याचा गोचीड-पिसवांचा स्प्रेही मारू नका, त्यातलं फिप्रोनिल सशाला मारक असतं.

डॉक्टर निवडताना एवढंच विचारा: "तुम्ही ससे बघता का?" गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टरही सशांचं रोज बघत नसतात. पोटातून द्यायच्या गोळ्या-औषधांत अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटाचं काही लिहिलं असेल तर नम्रपणे थांबवा. ती औषधं तोंडाने दिली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. जवळ कुणी नसेल तर खंबाटकी ओलांडून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघायच्या आधी फोन करून ससे कोण बघतं ते विचारून घ्या.

जाताना उपाशी नेऊ नका, शस्त्रक्रियेलाही नाही. सशाला उलटी होत नाही आणि उपास त्याच्या आतड्याला मानवत नाही. टोपलीत ओळखीचं गवत आणि जुन्या ट्रेमधला मूठभर पेंढा टाका, दोघांना शेजारी बसवा. रिकाम्या, धुतलेल्या ट्रेमधली लघवी सुई काढलेल्या सिरिंजने उचलून स्वच्छ बाटलीत घ्या. आणि पहिल्या दोन दिवसांत बॅटरी घेऊन जे टिपलं होतं, कुठे, किती वाजता, लघवी की लेंड्या, तो कागद सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.